मणिकर्णच्या पाण्याने शुगर जात नाही, पाय मात्र जाऊ शकतो

आईच्या भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिने काल मला वाचून दाखवला, आणि सकाळी पाहतो तर तोच आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर फिरून राह्यला. म्हणे हिमाचलातल्या मणिकर्णच्या गरम कुंडात तीन दिवस पाय बुडवून बसा, शुगर कायमची जाते, गोळ्या बंद करा, पाणी उकळतं असलं तरी भक्ताला भाजत नाही, खाली ज्वालामुखी आहे आणि पाणी गरम कशाने हे शास्त्रज्ञांनाही कळलेलं नाही. आई पुढच्या महिन्यात मैत्रिणींसोबत तिकडेच चालली आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

भाजत नाही म्हणे! तिथल्या झऱ्याचं पाणी 90 डिग्रीच्या वर असतं, तिथल्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा भात त्यातच शिजतो, लोक तांदळाची पुरचुंडी दोरीला बांधून सोडतात आणि शिजलेला भात वर काढतात. तांदूळ शिजतो तिथे माणसाची कातडी वाचेल होय? अंघोळीच्या कुंडात थंड पाणी मिसळतात म्हणून उतरता येतं. अरे, 60 डिग्रीचं पाणीसुद्धा पाचेक सेकंदांत खोल भाजवतं.

आणि शुगरवाल्याला भाजलेलं कळतच नाही, हे मी घरात पाहिलंय. मागच्या मे महिन्यात आई कुरडया टाकायला अनवाणी गच्चीवर गेली. संध्याकाळी फरशीवर ओले डाग दिसले म्हणून तिचा पाय उलटून पाहिला, तर तळव्याला रुपयाएवढा फोड येऊन फुटलेला, आणि ती म्हणते, मला तर काही झालंच नाही. जखम भरायला दोन महिने लागले. शुगरने नसा बधिर झाल्यात, आता बादलीतलं पाणीही आधी कोपराने तपासायचं असं डॉक्टरांनी बजावलंय. अशा बाईला गोळ्या बंद करून कुंडात पाय टाकायला सांगता?

बाकीचं पटकन. मणिकर्णखाली ज्वालामुखी नाही, देशातला एकमेव जिवंत ज्वालामुखी अंदमानात बॅरन बेटावर आहे. पाऊस-बर्फाचं पाणी भेगांमधून खोल मुरतं, दर किलोमीटरला साधारण 25-30 डिग्री तापमान वाढतं, तिथे तापून ते वर येतं. आपल्या पचमढीजवळचा अनहोनीचा झराही असाच, खाली ज्वालामुखी नसताना गरम. शास्त्रज्ञांना कळलं नाही म्हणता, तर जिऑलॉजिकल सर्व्हेचं, म्हणजे जमिनीखालचा अभ्यास करणाऱ्या सरकारी खात्याचं ऑफिस आपल्याच नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे, त्यांच्या यादीत देशातले 300 च्या वर गरम झरे आहेत, आणि मणिकर्णला तर याच उष्णतेवर 7.5 टनांचं कोल्ड स्टोरेज चालवून पाहिलंय.

कोमट पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, तेवढं खरं, मान्य. पण ते घरच्या गिझरच्या पाण्यानेही होतं.

आई जाणारच आहे, जाऊ दे, दर्शन घेऊ दे, लंगरचा भात खाऊ दे. पण गुरुद्वाऱ्यात जोडे काढावे लागतात आणि झऱ्याजवळची फरशी तापलेली असते, म्हणून आज सीताबर्डीवरून तिच्यासाठी जाड मोजे आणले, तरी तापल्या जागी पाय ठेवायचाच नाही हे तिच्याकडून कबूल करून घेतलंय. ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला त्यांनी त्याच ग्रुपवर हेही टाका, आजच.