ॲलर्जीवालं पोर घेऊन तारकर्लीला जेवायला जाताय? या की!

सुट्टीत तारकर्ली-देवबाग करायचंय, सोबत लहान पोरं आहेत आणि त्यातल्या एकाला कोळंबी-काजूची ॲलर्जी आहे? वा, मग हॉटेलात जेवायची मजाच वेगळी. परवाच ताजा अनुभव घेऊन आलेय, तेव्हा ह्या युक्त्या फुकटात.

ॲलर्जी हा शब्द काढूच नका. नवस आहे म्हणा. 'ॲलर्जी' म्हटलं की वेटर नुसता हसतो, 'नवस आहे, पोराला कोळंबी वर्ज्य' म्हटलं तर बघा, तवा दोनदा घासून येईल.

मासे नकोत म्हणून शाकाहारी थाळी सांगा. सीझन असेल तर काजूची उसळ येते.

जेवणाची ऑर्डर पोरांना भूक लागायच्या तासभर आधी द्या.

'ह्यात काजू आहे का' असलं विचारायचं नाही, उत्तर ठरलेलं असतं, 'नाय'. काजू दिसला तर काजू, वाटला की तो ग्रेव्ही होतो. तसंच जवळा, म्हणजे ते बारीक कोळंबीसारखंच असतं ना, ती कोळंबी नव्हे, ती चटणी! आणि तव्याचं तर विचारूच नका. मी विचारलं. सुरमई वेगळ्या तव्यावर, वेगळ्या तेलात मिळेल का, कोळंबीचा हात लागता कामा नये. 'हो वयनी, काय टेन्शन घेव नकात.' तवा वेगळा होता हो, खरंच होता, पण रव्याची परात एकच! त्याच रव्यात आधी कोळंबी घोळवलेली, मग आमची सुरमई. दोन घास पोटात गेले आणि पोराच्या मानेवर गांधी उठायला लागल्या. डॉक्टरांनी दिलेलं औषध पर्समध्ये होतं म्हणून निभावलं. मालक काय म्हणाले? 'गरम तेलात सगळा मरता ओ, आमची पोरां रोज खातत.' मरत नाही! कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन तळा, उकळा, तसंच राहतं. त्यात शेजारच्या टेबलावरच्या काकू, 'थोडं थोडं द्यायचं म्हणजे सवय होते'. काकू, तुम्ही सोलकढी प्या.

कायद्यावर विसंबा. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० चा नियम आहे, मेनूत ॲलर्जीची माहिती द्यायची, पण तो सेंट्रल लायसन्सवाल्यांना नाहीतर १० किंवा जास्त ठिकाणी हॉटेलं असलेल्यांना. देवबागच्या खानावळीला काय त्याचं!

बरं, आता सरळच बोलते. मला वेगळं किचन नकोय, बेबी चेअर नकोय, डिस्काउंट तर नकोच. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा ना! वरणभात घेऊ आम्ही, पैसे थाळीचे लावा हवं तर. पण आत न जाता, आचाऱ्याला न विचारता तोंडावर 'हो वयनी' कसलं ठोकता? चार वर्षांचं पोर आहे ते, घसा सुजला असता तर रात्री नऊला गाडी काढून कुठे पळायचं होतं मी? आत जाऊन विचारून यायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं जमत नसेल तर बाहेरच्या बोर्डावरचं 'घरगुती' खोडून टाका.