देण्याघेण्याच्या साड्या

परवा भरदुपारी दुकानात एक मावशी आल्या. पिशवीतून साडी काढून गादीवर ठेवली आणि म्हणाल्या, "दादा, एवढी बदलून द्या. तुमच्याच दुकानातली हाय." लेबल खरंच आमचं होतं. चिठ्ठीवरचा आकडाही माझ्याच हातचा. पण तो माल तीन वर्षांपूर्वीचा, सुरतेहून आलेल्या एका गठ्ठ्यातला. घडी एकदाही मोडलेली नव्हती, घडीच्या कडेला रंग मात्र विटला होता. आणि पदराच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाची बोटं. एक ताजं, एक फिकं, एक पार तपकिरी पडलेलं. म्हणजे ही साडी किमान तीन घरांत मानानं दिली गेली, तीनदा कुणाच्या तरी ओटीत पडली, आणि नेसली कुणीच नाही.

आमच्या धंद्यात या मालाला 'देण्याघेण्याच्या साड्या' म्हणतात. गिऱ्हाईक बस्त्याला येतं तेव्हा नवरीच्या शालूला दोन तास लागतात, विहिणीच्या साडीला अर्धा तास. मग सगळे उठायला लागले की कारभारी उभ्या उभ्या सांगतो, "आता देण्याघेण्यातल्या चाळीस टाका." रंग बघायचा नाही, पोत बघायचा नाही. घेणारी नेसणार नाही हे देणाऱ्याला ठाऊक, आणि देणाऱ्याला ते ठाऊक आहे हे घेणारीलाही ठाऊक. सेलूत बापाच्या गादीवर बसून मला तीस वर्षं झाली. या चाळीस साड्यांवरून नातं तुटलेलं मी पाहिलं नाही. विहिणीच्या एका साडीवरून मात्र दोन घरांचं जाणंयेणं पाच-पाच वर्षं बंद पडलेलं पाहिलंय.

म्हणून पेपरात देशादेशांच्या भेटवस्तूंची बातमी आली की मी ती आधी वाचतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं. लोक म्हणतात ही वरवरची गोष्ट, खरं राजकारण बंद दाराआड चालतं. मला तसं वाटत नाही. बंद दाराआडचं मला दिसत नाही, आहेर दिसतो. आणि आहेर बघून घर ओळखायचं एवढंच तर मी आयुष्यभर केलंय.

माझी आवडती गोष्ट २००९ ची आहे. ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन मार्चमध्ये नव्या अध्यक्षांना, ओबामांना भेटायला वॉशिंग्टनला गेले. जाताना काय नेलं? 'गॅनेट' नावाच्या जुन्या आरमारी जहाजाच्या लाकडातून घडवलेला पेनस्टँड. त्या जहाजानं एकेकाळी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध गस्त घातली होती, आणि समोर बसलेला माणूस अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष. शिवाय ओबामा ज्या टेबलाशी बसायचे ते 'रेझोल्यूट' या दुसऱ्या ब्रिटिश जहाजाच्या लाकडाचं. ते जहाज उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात सोडून द्यावं लागलं होतं, ते अमेरिकी लोकांना सापडलं, त्यांनी नीट दुरुस्त करून १८५६ मध्ये व्हिक्टोरिया राणीला परत पाठवलं. पुढं ते मोडलं तेव्हा राणीनं त्याच लाकडाचं टेबल करून १८८० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना धाडलं. याला म्हणतात परतीचा आहेर! ब्राऊन यांनी त्याच टेबलाला शोभेल असा पेनस्टँड नेला.

आणि ओबामांनी काय दिलं? पंचवीस अमेरिकन चित्रपटांच्या डीव्हीडींचा संच. त्यातही ब्रिटनच्या प्लेयरवर त्या चालणार नाहीत, असं तिकडच्या पेपरांनी छापलं, कारण डीव्हीडीला देशादेशांचे वेगळे कोड असतात. आता यावरून दोन देशांचं भांडण झालं का? मुळीच नाही. अफगाणिस्तानात दोघांचं सैन्य एकत्रच होतं. पण ब्रिटनच्या पेपरांना बरेच दिवस पुरेल एवढा विषय मिळाला, आणि ब्राऊन आधीच घरी अडचणीत होते, ते आणखी बिचारे दिसले. ओबामांच्या मनात अपमान नसणार. तिथल्या कुणीतरी 'देण्याघेण्यातलं एक टाका' म्हटलं असणार, एवढंच. पण विहिणीच्या साडीत ते चालत नाही.

हे झालं निष्काळजीपणाचं. त्याला मी फार मोठा गुन्हा मानत नाही. मला जास्त भीती वाटते ती भारी आहेराची.

मे २०२५ मध्ये कतारनं ट्रम्प यांच्यासाठी अख्खं बोईंग ७४७ विमान देऊ केलं. किंमत सुमारे ४० कोटी डॉलर सांगितली गेली. त्या भागातला अमेरिकेचा सगळ्यात मोठा हवाई तळ कतारमध्येच आहे, म्हणजे नातं मुळात घट्ट. तरी ९ सप्टेंबरला अमेरिकेच्याच दोस्तानं, इस्रायलनं, थेट कतारच्या राजधानीवर, दोहावर हवाई हल्ला केला, हमासच्या पुढाऱ्यांवर. तळ घरात, विमान आहेरात, आणि बॉम्ब पडायचा तो पडलाच. कतारच्या सुरक्षेची हमी देणारा ट्रम्प यांचा आदेश निघाला तो त्यानंतर तीनेक आठवड्यांनी. माझ्यासारख्या दुकानदाराच्या मनात लगेच येतं की विमान देताना नेमकं काय विकत घेतल्याचं त्यांना वाटलं होतं?

कुणी म्हणेल, स्वित्झर्लंडचं काम तर झालं. खरं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथले उद्योगपती ट्रम्प यांना भेटले, रोलेक्सचं टेबलावरचं घड्याळ आणि कोरलेली सोन्याची वीट दिली, आणि काही दिवसांत ३९ टक्क्यांचं आयातशुल्क १५ वर आणायचं ठरलं. पण त्या घड्याळामागं स्विस कंपन्यांनी अमेरिकेत २०० अब्ज डॉलर गुंतवायचं आश्वासन उभं होतं. फोटो घड्याळाचा निघाला. हिशेब भागला तो आश्वासनावर.

आता आपल्या घरचं सांगतो. आपण मराठवाड्याची माणसं दर १७ सप्टेंबरला झेंडा लावतो, पण ज्या निजामापासून आपण सुटलो त्याची ही बाजू कुणी फारशी सांगत नाही. सातवा निजाम, मीर उस्मान अली खान. आमचे आजोबा त्याच्या राज्यात, हाली सिक्क्यावर, म्हणजे त्याच्याच चलनावर, हेच दुकान चालवायचे. पहिल्या महायुद्धात या माणसानं इंग्रजांना एवढी मदत केली की त्यानं पैसा पुरवलेल्या विमानांच्या एका तुकडीच्या नावालाच 'हैदराबाद' लागलं. बदल्यात इंग्रजांनी काय दिलं? किताब! 'एक्झॉल्टेड हायनेस' हा बाकी कुठल्याच संस्थानिकाला नव्हता असा, आणि सोबत 'यार-ए-वफादार', म्हणजे ब्रिटिश सरकारचा एकनिष्ठ दोस्त.

निजामाला किताब नको होता असं नाही, पण त्याला खरं हवं होतं वऱ्हाड. १८५३ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाडाचा कारभार आपल्याकडे घेतला आणि १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं वर्षाला २५ लाखांवर तो कायमचा पट्टा करून टाकला. वफादार दोस्तानं आपला मुलूख परत मागितला तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगनं असं पत्र धाडलं की संस्थानिकांची सगळी पिढी ते विसरली नाही. थोडक्यात मजकूर असा की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वोच्च आहे, आणि तिच्याशी बरोबरीनं बोलण्याचा हक्क कुणाही संस्थानिकाला नाही. पुढं १९३६ मध्ये तोडगा निघाला. वऱ्हाडावर निजामाची मालकी कागदावर मान्य, त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, हा किताब. कारभार होता तिथंच.

ही चाळीसातली साडी. मुलूख मागितला, किताब मिळाला. आणि निजामानं ती मानानं ठेवून घेतली, हे मला त्याहून वाईट वाटतं.

मग १९४७ उजाडलं. २० नोव्हेंबरला लंडनमध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न. निजामानं लंडनच्या कार्टिएर पेढीला सांगून ठेवलं की नवरीनं हवं ते निवडावं, बिल माझं. तिनं हिऱ्यांचा हार निवडला. तो आजही 'निजामाचा हार' म्हणूनच ओळखला जातो. राणीची नातसून केट २०१४ मध्ये तो घालून एका समारंभाला आली तेव्हा फोटो जगभर गेले. नीट बघा, आहेर म्हणून यात काडीचीही चूक नाही. नवरीच्या पसंतीचा, उत्तम पेढीचा, घडी मोडून वापरला गेलेला. माझ्या दुकानाच्या मापात दहापैकी दहा गुण.

लग्नानंतर नऊच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, निजामानं भारताशी 'जैसे थे' करार केला. पुढचे महिने रझाकारांचे, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचे. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ते सांगावं लागत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या, १७ ला निजाम शरण आला. तेव्हा एकनिष्ठ दोस्ताचा दोस्त कुठं होता? ब्रिटनच्या संसदेत विरोधी बाकावरून चर्चिल थोडं बोलले. सरकार हललं नाही. कारण हलण्यासारखं काही उरलंच नव्हतं, इंग्रज आपली गाठोडी बांधून वर्षापूर्वीच गेले होते. ते हलले नाहीत हे आपल्या नशिबानं बरंच झालं. पण निजामाच्या बाजूनं एक क्षण विचार केला तर कळतं की तीस वर्षं तो ज्याला मैत्री समजत होता, ती समोरच्याच्या वहीत कधी लिहिलेलीच नव्हती. हार तेवढा लिहिलेला.

उलट वल्लभभाई पटेल बघा. फेब्रुवारी १९४९ मध्ये ते हैदराबादला उतरले तेव्हा बेगमपेठ विमानतळावर निजाम स्वतः हात जोडून उभा. तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. पटेलांनीही हात जोडले. आणि २६ जानेवारी १९५० पासून त्याच निजामाला राजप्रमुख केलं. ज्याच्याकडून राज्य काढून घेतलं त्याचा मान राखला. आणि दिलं ते पोकळ नव्हतं, कारण हिशेब आधीच चुकता झाला होता. (जाता जाता, निजामानं १९६५ मध्ये पाच हजार किलो सोनं दान केल्याचे मेसेज फिरतात. दान नव्हतं, सुवर्णरोख्यात गुंतवलेलं ४२५ किलो होतं, त्यावर साडेसहा टक्के व्याजही होतं. भाचा दर सहा महिन्यांनी पाठवतो म्हणून इथंच लिहून ठेवतो.)

नेहरूंचा हत्तीही मला आवडतो. युद्धात टोकियोच्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती मारले गेले होते, जपानी पोरांनी पत्रं लिहून हत्ती मागितला आणि १९४९ मध्ये नेहरूंनी 'इंदिरा' नावाची हत्तीण धाडली. नुसती हत्तीणच असती तर मी इथं लिहिलं नसतं. पण मागोमाग १९५२ च्या करारात भारतानं युद्धाची नुकसानभरपाई मागायचीच नाही असं ठरवलं. जपाननं येनमधलं पहिलं कर्ज १९५८ मध्ये दिलं ते भारताला. पुढं आपल्या अजिंठा-वेरूळच्या जतनाच्या कामाला जपानी कर्जच आलं. हत्तिणीमुळं आलं असं मी म्हणत नाही, पण हत्तीण आणि माफी एकाच घरातून निघाल्या होत्या.

आता दुखतं ते लिहितो. सप्टेंबर २०१९ मध्ये ह्यूस्टन, फेब्रुवारी २०२० मध्ये अहमदाबादचं भरलेलं स्टेडियम. मोदी आणि ट्रम्प, हातात हात, गळाभेटी. माझ्या दुकानातही टीव्ही लावून लोक बघत होते, मीही टाळ्या वाजवल्या, नाकारत नाही. आणि २७ ऑगस्ट २०२५ ला आपल्या मालावर अमेरिकेत ५० टक्के शुल्क लागलं. त्याच महिन्याच्या १९ तारखेला आपल्या सरकारनं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. कारण दिलं कापड उद्योगाला दिलाशाचं, आणि ते खोटं नाही. सूत स्वस्त झालं तर माझाही फायदा आहे. पण माझं गिऱ्हाईक कापूसवालं. तेव्हा त्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला, सप्टेंबरमध्ये पावसानं अर्धं शिवार पाण्यात, आणि मानवतच्या बाजारात गाडी घेऊन गेलेला माणूस पडलेला भाव घेऊन परत. एक जण दुकानात बसून म्हणाला, "मिठ्या त्यांनी मारल्या, आहेर आमच्या वावरातून गेला." मी त्याला उत्तर दिलं नाही. चहा मागवला.

स्टेडियमवर माझा राग नाही. शक्ती दाखवावी लागते, पाहुण्याचा मान करावा लागतो. पण गळाभेट पडली की बाकीचा हिशेब आपोआप ढिला होतो असं जे आपल्याला वाटलं, मला आणि दुकानातल्या सगळ्यांना, ते निजामाचंच वाटणं होतं.

मावशींची साडी मी बदलून दिली. भांडून काय करणार, वर्षाचं गिऱ्हाईक. जुनी वरच्या फळीवर टाकली, कुंकवासकट.

त्याच संध्याकाळी वालूर रस्त्याकडच्या एका गावचे मामा आले. दोन एकर पुरात गेलेली, अंगावर नवं काही नाही. त्यांना व्याह्यासाठी टोपी हवी होती. मी फेटा दाखवला, म्हटलं लग्नात फेटाच शोभतो. म्हणाले, "न्हाई, ते फेटा बांधत न्हाईत, डोकं दुखतं त्यांचं." आणि खिशातून सुतळीचा तुकडा काढला, दोन्हीकडं गाठ मारलेला. व्याही झोपले होते तेव्हा लेकीनं बापासाठी गुपचूप डोक्याचं माप घेतलं होतं. पुरात बैलं सोडवायला हेच व्याही रात्री कमरेएवढ्या पाण्यातून आले होते, हे मामा टोप्या लावून बघता बघता सहज बोलून गेले.

सुतळी धरून आम्ही सहा टोप्या मोजल्या. पाच बसल्या नाहीत. सहावी बसली, तसल्याच दोन बांधून घेतल्या. पैसे थोडे कमी होते. म्हणाले, "राहिलेले कापूस गेल्यावर."