अंगणातला पाला रक्त पातळ करत नाही

गेल्या महिन्यात माझ्या आत्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, १.४ आला; तो जितका कमी तितकं रक्त लवकर गोठतं. तिच्या हृदयात मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप आहे आणि डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवून दिलेली पातळी २.५ ते ३.५ आहे. चौदा वर्षं ती रोज रात्री जेवण झालं की वॉरफरिनची, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते, कालनिर्णयवर खूण करते, महिन्याच्या महिन्याला रक्त तपासून आणते. या वेळी कालनिर्णयवर पाच चौकोन कोरे होते. विचारलं तर म्हणाली, "अरे, गोळीचं काम करणारा पाला आपल्या अंगणातच आहे. ग्रुपवर आलं होतं की! शेजारच्या भाभींनीच तोडून दिला."

ग्रुपवर आलेला तो मेसेज मीही पाहिला होता आणि न वाचता पुढे गेलो होतो. आता नीट वाचला. वर एका पिवळ्याधमक फुलाचा फोटो. खाली मजकूर असा: हे फूल म्हणजे डँडेलियन, आपली सिंहपर्णी, तुम्ही तण समजून उपटून टाकता ती ही संजीवनी. रोज सकाळी मूठभर कोवळी पानं कच्ची खा. रक्त पातळ होतं, २१ दिवसांत गोळ्या सुटतात. ४८ तासांत कॅन्सरच्या ९८ टक्के पेशी मरतात. मुतखडा विरघळतो. पालकापेक्षा जास्त लोह आणि कॅल्शियम. निसर्गाचं देणं असल्यामुळे दुष्परिणाम शून्य.

यातला रक्त पातळ होण्याचा दावा आधी घेतो, कारण त्यानेच आमच्या घरात जवळजवळ घात केला होता.

जखम झाली की रक्त गोठावं यासाठी यकृत काही प्रथिनं तयार करतं. त्यातली चार कामाला लागण्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. वॉरफरिन नेमकं तिथेच अडथळा आणतं: एकदा वापरलेलं व्हिटॅमिन के पुन्हा वापरण्याजोगं होऊ देत नाही. म्हणून रक्त उशिरा गोठतं आणि धातूच्या झडपेवर गुठळी धरत नाही. अशा माणसाने एकाएकी व्हिटॅमिन केचा मोठा डोस घ्यायला सुरुवात केली तर गोळीचा असर उतरतो. आता डँडेलियनच्या पानात काय आहे ते बघा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा अन्नघटकांचा तक्ता सगळ्यांना खुला आहे, कुणीही पाहू शकतं. १०० ग्रॅम कच्च्या पानांत व्हिटॅमिन के सुमारे ७७८ मायक्रोग्रॅम. शिजवून पाणी काढलेल्या पानांतही साडेपाचशेच्या वर. मोठ्या माणसाची दिवसाची गरज ९० ते १२० मायक्रोग्रॅम. म्हणजे ज्या पानाने गोळीला विरोध होतो, तेच पान गोळीच्या जागी खा असं हा मेसेज सांगतो. दावा नुसता चुकीचा नाही, बरोबर उलटा आहे.

आणि गोळी सोडण्याचा धोका वेगळाच. वॉरफरिन बंद केलं की दोनतीन दिवसांत असर उतरू लागतो, पाचव्या दिवशी जवळपास संपतो. धातूच्या झडपेवर गुठळी झाली तर झडप अडकते, किंवा गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत जातो आणि माणूस लकव्याने आडवा होतो. आत्याची तपासणीची तारीख दहा दिवस पुढे असती तर काय झालं असतं, हा विचार मला अजून रात्री झोपू देत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला झडपवाली माणसं कुठे कुठे हा मजकूर वाचत असतील याची कल्पना नव्हती असं मी मानत नाही. "गोळ्या सुटतात" हे वाक्य गोळ्या घेणाऱ्यांसाठीच लिहिलेलं आहे.

आता फोटोतल्या फुलाकडे. मुळात ते फूल आमच्या वस्तीत, रामबागेत उगवत नाही. डँडेलियन हे थंड हवेचं झाड. आपल्या देशात ते हिमालयाच्या पट्ट्यात भेटतं. काश्मीरमध्ये त्याला हंद म्हणतात, तिथे त्याची भाजी करतात, बाळंतिणीला देतात. तिथल्या बायका ते झाड लहानपणापासून ओळखतात. आपल्या माळव्यात मेच्या उन्हात पारा चाळिशी ओलांडतो. इथल्या अंगणात, पडक्या प्लॉटवर, नाल्याकाठी जे पिवळं फुलतं ते दुसरंच काही असतं.

भाभींनी दिलेल्या पाल्याची उरलेली जुडी मी बघितली. दोन प्रकारची पानं होती. एक पाथरी. तोडली की पांढरा चीक, फूल डँडेलियनसारखंच दिसतं, आणि तिची भाजी आपल्याकडे पूर्वीपासून खातात, त्यामुळे तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरी एकदांडी, जिला काही घरांत दगडी पाला म्हणतात आणि जखमेवर चोळतात. तिची पानं केसाळ आणि दांड्यावर समोरासमोर. डँडेलियनची पानं सगळी जमिनीलगत एका चक्रात, फुलाचा दांडा पोकळ, त्यावर एकही पान नाही आणि एका दांड्याला एकच फूल. इतका साधा फरक मेसेजमध्ये एका ओळीत सांगता आला असता.

मला खरी भीती तिसऱ्याच झाडाची वाटते. आत्याच्या मागच्या भिंतीलगत पिवळ्या धोत्र्याची तीन रोपं होती. हिंदीत सत्यानाशी. हिवाळ्यात त्याची पानं जमिनीवर अशीच चक्रात पसरतात, कडा अशाच कातरलेल्या, आणि फूल पिवळं. "कातरी पानं, पिवळं फूल" एवढ्याच खुणेवर जाणारा माणूस ते सहज तोडेल. ओळखायची खूण सोपी आहे: पानांना काटे, शिरा पांढुरक्या, आणि मोडलं की चीक पिवळा निघतो, पांढरा नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली होती. लोकांचे पाय सुजले, धाप लागली, हृदय थकलं. साठाहून जास्त माणसं दगावली. तो घात बियांच्या तेलाने केला, पानांनी नव्हे, हे खरं. पण हे झाड चुकून ताटात येण्याची शक्यता ज्या सल्ल्यात आहे, तो सल्ला मी कुणाच्या घरी जाऊ देणार नाही.

कॅन्सरचा दावा कुठून आला ते शोधणं अवघड नाही. कॅनडातल्या विंडसर विद्यापीठात डँडेलियनच्या मुळाच्या अर्कावर काम झालं. २०१६ च्या त्यांच्या शोधनिबंधात आतड्याच्या कॅन्सरच्या ९५ टक्क्यांहून अधिक पेशी ४८ तासांत मेल्या असं आहे. म्हणजे आकडा हवेतून काढलेला नाही, तेवढं मान्य. पण त्या पेशी काचेच्या बशीत वाढवलेल्या होत्या आणि पुढचे प्रयोग उंदरांवर होते. अर्क मुळाचा, मेसेज पानांचा. बशीतल्या पेशी मारणारी गोष्ट माणसाच्या शरीरात गेल्यावर तेच करेल असं त्यातून सिद्ध होत नाही. आमच्या नात्यात एकजण सध्या केमो घेतोय. त्याच्या आईनेही हा मेसेज जपून ठेवलाय, आणि तिला समजावणं हे मला अजून करायचंय.

मुतखड्याचं म्हणाल, तर डँडेलियनने लघवी जास्त होते यात थोडं तथ्य आहे. फ्रेंचमध्ये त्याचं नावच अंथरूण ओलं करण्यावरून पडलंय. २००९ मध्ये १७ जणांवर एका दिवसाचा छोटा प्रयोग झाला, त्यात पानांच्या अर्काने लघवीच्या फेऱ्या वाढल्या. लघवी वाढणं वेगळं आणि खडा विरघळणं वेगळं. त्या प्रयोगात खड्यांचा विषयच नव्हता.

लोह आणि कॅल्शियमचं मात्र खरं आहे. त्याच तक्त्यात १०० ग्रॅम डँडेलियनमध्ये लोह ३.१ मिलिग्रॅम, पालकात २.७, कॅल्शियम १८७, पालकात ९९. पण राजगिऱ्याच्या पानांत कॅल्शियम २१५ आहे, आणि चौलाई म्हणून ती आपल्या दारावर ठेल्यावर येते. तिच्यासाठी भिंतीलगत वाकायला नको.

दुष्परिणाम शून्य, हे वाचून तर हात थरथरतात. कॉलनीच्या बागेत आणि रिकाम्या प्लॉटवर तणनाशक मारतात, ते पानात मुरलं की धुऊन निघत नाही. भटकी कुत्री त्याच कडेला पाय वर करतात. रस्त्यालगतच्या मातीत शिसं असू शकतं: आपल्याकडे शिसंवालं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण मातीत बसलेलं शिसं जात नाही. आणि ज्यांच्या पित्तनलिकेत अडथळा आहे त्यांना डँडेलियन घेऊ नका असंच जर्मनीतल्या वनौषधी समितीने सांगितलेलं आहे.

आत्याला हे सगळं समोर बसून सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "मग आता मेथी, पालक, सगळंच बंद?" नाही. तिच्या डॉक्टरांनी तिला पूर्वीच सांगितलं होतं की हिरव्या भाज्या सोडायच्या नाहीत, दर आठवड्याला साधारण तेवढ्याच खायच्या, म्हणजे गोळीचा डोस त्याच्याशी जुळवता येतो. आज एक जुडी आणि पुढे पंधरा दिवस काहीच नाही, हे चालत नाही. मंगळवारी पालकाची पातळ भाजी, शुक्रवारी मेथी, असं तिने स्वतःच ठरवलं.

धोत्र्याची रोपं मी हातमोजे घालून उपटली. एक तिच्यासमोर मोडून दाखवलं. पिवळा चीक बघून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग भाभींना भिंतीवरून हाक मारून तिने तो दाखवला. दोन आठवड्यांनी आयएनआर २.७ आला. कालनिर्णयवर खुणा पुन्हा सुरू आहेत.