आमदारसाहेब, प्रश्न उद्भवत नाही!

नवीनच आमदार झालात? अभिनंदन! कानातला गुलाल निघाला का? आता अधिवेशन येईल आणि तिथे म्हणे मंत्र्यांना जाब विचारायचा असतो. घाबरू नका. गेल्या अधिवेशनात मी ऑफिसला दांडी मारून दिवसभर लॅपटॉपवर विधानसभेचं लाइव्ह बघत बसलो होतो, कारण आमच्या गावच्या पुलाचा तारांकित प्रश्न (म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) यादीत लागला होता, आणि तो सगळा प्रकार बघून माझा या विषयात बऱ्यापैकी अभ्यास झालाय. तुम्हाला फुकट देतो.

सगळ्यात आधी, प्रश्न स्वतः वाचायच्या भानगडीत पडू नका. तो पीए लिहितो, तुम्ही सही करता, झालं. उभं राहिल्यावर पक्षाचे नेते, मग त्यांचे चिरंजीव, मग मतदारसंघातली मायबाप जनता या क्रमाने आभार मानत जायचं. अध्यक्ष म्हणतील, "प्रश्न विचारा, प्रश्न." तेव्हा म्हणायचं, "अध्यक्ष महोदय, प्रश्नाकडेच येतोय," आणि यायचं नाही.

आवाज मात्र चढवा. टेबलावर हात आपटा. संध्याकाळी रील पडली पाहिजे, 'साहेबांनी मंत्र्यांना फोडला घाम', मागे ढोलताशा. मंत्री काय बोलले तेवढं कापून टाकायला सांगा पोराला.

पायऱ्यांवरचं आंदोलन चुकवू नका. कधी गाजरं, कधी कांद्याच्या माळा, जो सीझन असेल ते. कॅमेरे बाहेर असतात हो, आत कोण बघतंय?

खरंच कोण बघतंय? २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७ हजार कोटींच्या वर पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्या. असल्या चर्चा संध्याकाळी लावा, बाकं कशी दिसतात बघा. २८८ जणांच्या सभागृहात गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालायला किमान हजेरी म्हणून, २९ लागतात, ते तरी आहेत का म्हणून कुणी मोजायला लागलं तर ते आपल्यातलं नाही असं समजा. त्याच अधिवेशनात विधान परिषदेत कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर पत्ते दिसले म्हणून व्हिडिओ फिरला, ते म्हणाले मी जाहिरात घालवत होतो. पुढे त्यांचं खातं बदललं आणि मिळालं कुठलं, तर क्रीडा. यावर मी काय विनोद करणार.

हिवाळी अधिवेशनाला गेलात की नागपूरला हुरडा चुकवू नका.

सत्ताधारी पक्षाचे असाल तर काम अजून सोपं. "मंत्री महोदयांनी अतिशय सकारात्मक उत्तर दिलं त्याबद्दल मी त्यांचं अभिनंदन करतो," एवढं वाक्य पाठ करा, अख्खी टर्म निघते. फिरोज गांधींसारखा आगाऊपणा नको. सत्ताधारी बाकावर बसून, पंतप्रधान सख्खे सासरे असताना या गृहस्थाने डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत उठून विचारलं की एलआयसीने हरिदास मुंद्रा या उद्योगपतीच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास पैसे घातले ते कुणाच्या सांगण्यावरून. विमाधारकांचे पैसे होते ते. झालं, न्यायमूर्ती छागलांचा चौकशी आयोग बसला, मुंबईत उघड सुनावणी झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी घरी. दोन महिन्यांत! असं करून घरात जेवायला वाढतं का कुणी?

आता मेन मुद्दा. उत्तर कसं ऐकून घ्यावं.

तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. (१) अमुक अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आता आमचा पूल. ओढ्यावर पूल बांधून तीन वर्षं झाली, बिल निघालं, फक्त त्याला जोडरस्ता नाही. म्हणजे पूल आहे, पण त्याच्यावर चढायचं कसं हे ठरलेलं नाही. दोन्ही टोकांना पुरुषभर उंच सरळ भिंत. पोरांनी बांबूची शिडी लावलीय. खालची जुनी फरशी पावसाळ्यात पाण्याखाली असते, डेअरी पलीकडच्या काठाला, त्यामुळे सकाळी सहाला आमची काकू दुधाचा कॅन घेऊन त्या शिडीने चढते, एक जण वरून ओढतो, एक जण खालून लोटतो, आणि पलीकडे हाच कार्यक्रम उलटा. याचे फोटो मी स्वतः काढले, प्रिंट मारून पीएला दिले, दोनदा व्हॉट्सअॅप केले, त्याने अंगठा पाठवला.

आणि उत्तर काय आलं? (१) हे अंशतः खरे आहे. (२) भूसंपादनाची कार्यवाही प्रगतीपथावर आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.

अंशतः म्हणजे किती? अर्धी शिडी खरी आहे? कॅन खरा, काकू खोटी? आणि तीन वर्षांच्या विलंबाची कारणं काय असं विचारल्यावर प्रश्न उद्भवत नाही, कारण कार्यवाही चालू आहे ना! चालू आहे म्हणजे विलंब नाही, विलंब नाही म्हणजे कारण नाही, कारण नाही म्हणजे पूल आहे, बसा खाली. हे उत्तर ज्याने लिहिलं त्या कक्ष अधिकाऱ्याला खरं तर मानलं पाहिजे. पण राग त्याचा नाही आला मला. मंत्र्याचाही तेवढा नाही, उत्तर टाळणं हे मंत्र्याचं काम असल्यासारखंच झालंय आता. राग आला तो पुढच्या अर्ध्या मिनिटाचा. आमच्या आमदारांचा नंबर लागला होता, प्रश्न पुकारला गेला होता (अर्ध्याहून जास्त प्रश्नांचा नंबर लागायच्या आत तास संपतो, आमचा लागला!), अध्यक्षांनी विचारलं, उपप्रश्न? आणि साहेब उठले आणि म्हणाले, "मंत्री महोदयांनी याबाबत बैठक लावावी." मंत्री बसल्या जागेवरून म्हणाले, "बैठक लावतो." झालं. पुढचा प्रश्न.

अहो, किती साधं होतं! भूसंपादनाचा प्रस्ताव कुठल्या तारखेला पाठवला? कुठल्या टेबलावर आहे? जोडरस्त्याची जागा हातात नसताना पुलाची वर्कऑर्डर कुणी दिली, सही कुणाची? तारीख, टेबल, सही. तीन उपप्रश्न. मी कागदावर लिहून दिले होते, मोठ्या अक्षरात, चष्मा नसला तरी दिसतील असे. मंत्र्याने तारीख सांगितली असती तर ती रेकॉर्डवर आली असती, ते आश्वासन ठरलं असतं, मंत्र्यांनी दिलेली आश्वासनं पाळली का ते बघणारी आश्वासन समिती त्याच्या मागे लागू शकली असती. जाणूनबुजून चुकीची सांगितली असती तर सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंग आणता आला असता. मला हे मंत्रालयात जाऊन विचारता येत नाही, मला खाली पास काढायलाच दुपार होते. तिथे उभं राहून विचारायचा आणि मंत्र्याने उत्तर द्यायलाच पाहिजे असा हक्क लाखो मतदारांत मिळून एका माणसाला आहे आणि तो माणूस बैठक मागतो! बैठक मागायला सभागृह कशाला लागतं, फोन नाही का तुमच्याकडे?

गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा निवडून गेले, बहुतेक काळ विरोधी बाकावर बसून. एसटीने फिरायचे. रील नव्हती हो त्यांची एकही.

तुम्ही निदान अभ्यास करून जा रे. तुमच्याच नावावर छापलेला प्रश्न आदल्या रात्री एकदा तरी वाचा. मंत्र्याने 'अंशतः' म्हटलं की विचारा कुठला अंश. 'माहिती घेऊन सांगतो' म्हटलं की विचारा कधी, आणि ती तारीख वदवून घेतल्याशिवाय खाली बसू नका. भांडू नका, राजदंडाला हात लावू नका, वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, पळू नका, नुसतं उभं राहा आणि तोच प्रश्न परत विचारा. लाज वाटत नाही का बसायला?

काकूला मी ते उत्तर वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "उद्भवत नाही म्हणजे काय रे?" मी म्हटलं, बैठक लागणार आहे. तर म्हणाली, मग शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या कुजल्यात, त्या बैठकीच्या आधी बदलून घेऊ का नंतर, तेवढं विचारून सांग.