मधला पाइप

गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक म्हातारा इन्व्हर्टर. बाहेर बाकड्यावर चार काकाजी. त्यांना एरवी काही भरायचं नसतं. माझं कसं फसते, ते पाहायला येतात.

दिवाळीत नागपूरला शिकणारा भाचा आला. फोटो बारीक करायला मी एक भलंमोठं सॉफ्टवेअर उघडत होतो. ते उघडेस्तोवर आमचा दोघांचा चहा पिऊन झाला.

"मामा, मुंगी माराले ट्रॅक्टर कायले काढता? एका कामाले एक लहानसं टूल ठेवा."

हे नवीन नाही, म्हणाला. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतल्या डग मॅकिलरॉयनं 1964 सालीच लिहून ठेवलं होतं, की प्रोग्रॅम बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता यावेत. लागला तर अजून एक तुकडा लावायचा. 1973 मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती सोय आली, आणि तिचं नावच पाइप. एकातून निघालेला माल थेट दुसऱ्याच्या तोंडात.

पाइप म्हटल्याबरोबर बाकडं जागं झालं. "अडीच इंची का तीन?"

मला मात्र पटलं. आमच्या गोठ्यातही तेच आहे की. वखर वेगळा, तिफन वेगळी, डवरा वेगळा. डवऱ्यानं कोणी पेरत नाही. मग मी टूल जमवायला लागलो. फोटो बारीक करणारं. पीडीएफ जोडणारं. पीडीएफ तोडणारं (या दोघांचं आपसात पटत नसावं). हेक्टर-आरचे एकर-गुंठे करणारं, कारण सातबाऱ्यावर 0.81 दिसलं की माणूस घाबरा होऊन विचारतो, "माहे दोन एकर कुठं गेले?" भाच्यानं पोमोडोरोही टाकून दिला. 25 मिनिटं काम, मग थोडा आराम. इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टमाटर. तो मी काढून टाकला. आमच्याकडे ते काम लाइनच करते.

यातलं खरं गुणी पोर म्हणजे कृतिदेव या जुन्या फॉन्टचं युनिकोड, म्हणजे कुठंही वाचता येणारी अक्षरं, करणारं. पेनड्राइव्हवरून येणारं निम्मं मराठी अजून कृतिदेवात असते. त्यातला 'म' आतून इंग्रजी 'ई' असतो, 'र' म्हणजे 'जे'. फॉन्ट हटला की 'मराठी'चं 'ई जे के बी एच' होते. ते इकडून टाकायचं, तिकडून शुद्ध होऊन निघते. त्याला मी अगरबत्ती लावायचा बाकी आहे.

आणि मग एका भरतीची शेवटची तारीख आली. रात्री आठला एक पोरगी हजर. फोटो 20 ते 50 केबी, सही 10 ते 20. तिच्या मोबाइलमधला फोटो चार एमबीचा. टूलमध्ये टाकला, 52. परत टाकला, 19. परत, 50.3. पोर्टल म्हणे, साइज जास्त. तिच्या डोक्यावरची भिंत बोटभर कापली. 48! पण फाइल निघाली वेबपी, आणि पोर्टलला पाहिजे जेपीजी. ते करणारं टूल वेगळं. त्यातून निघाली ती 63.

टूल सगळी आपापल्या जागी हुशार, पण शेजारचं कोण आहे हे एकालाही माहीत नाही. जो तो आपलं काम करून फाइल डाउनलोडच्या फोल्डरात फेकून मोकळा. तिथून उचलायची, पुढच्याच्या तोंडात द्यायची, पुन्हा उचलायची. तो मॅकिलरॉयचा पाइप दुकानात कुठं आहे, ते तेव्हा समजलं. खुर्चीवर बसला होता.

साडेदहाला लाइन गेली. इन्व्हर्टर कण्हायला लागला. "दादा, होते ना?" पोरगी दर दोन मिनिटांनी विचारे. फोल्डरमध्ये 'फोटो', 'फोटो (1)', 'फोटो (2)' अशी पिलावळ. 'फोटो (7)' बरोबर 49 केबी, जेपीजी. पोर्टलनं तो एका घासात गिळला. सही 18. मी हात जोडले.

प्रिव्ह्यू उघडला. नाव तिचं, जन्मतारीख तिची, आणि वर चौकटीत पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा. त्याच दिवशी सकाळी बाकड्यावरच्या एका काकाजींचा फोटो मीच काढून दिला होता.

काकाजी खिडकीतून वाकून पाहत होते. "काऊन गा," म्हणाले, "मले जमन काय हे नोकरी?"