सेखोंच्या शौर्याला वाढीव आकडे नकोत

14 डिसेंबर जवळ आला की फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांच्यावरचे मेसेज फिरायला लागतात. फिरायलाच हवेत. आजवर 21 जणांना परमवीर चक्र मिळालं, त्यात हवाई दलाचे हे एकटे. पण दरवर्षी त्या मेसेजमध्ये त्यांनी पाडलेल्या विमानांचा आकडा वाढलेला दिसतो. कुठे चार, कुठे थेट सहा. वाचून फार वाईट वाटतं.

परमवीर चक्राचं मानपत्र एकदा वाचा. शत्रूच्या दोन विमानांचं त्यांनी नुकसान केलं, असं त्यात म्हटलंय. आणि ते कसं केलं, हे कळलं की अंगावर काटा येतो.

1948 पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवलेली नव्हती. 1971 चं युद्ध पेटल्यावर हवाई दलाच्या 18 नंबर स्क्वाड्रनची नॅट ही छोटी लढाऊ विमानं तिथे गेली. लुधियानाजवळच्या गावातून आलेल्या, विशीतल्या सेखोंना ना त्या डोंगरांची सवय, ना त्या उंचीची, ना काश्मीरच्या हिवाळ्याची. 14 तारखेला पाकिस्तानची सहा सेबर विमानं तळावर चालून आली. सेखों ड्युटीवर सज्ज होते. पुढच्या नॅटनं उड्डाण केलं आणि मागे धुळीचा एवढा लोट उठला की त्यांना निघताच येईना. धूळ खाली बसेपर्यंत सेबर डोक्यावर आली होती, तळावर गोळीबार सुरू झाला होता.

धावपट्टीवर धावणाऱ्या विमानाइतकं असहाय काही नसतं. वेग नाही, उंची नाही, वळायची सोय नाही. वरच्या वैमानिकाला समोर सरळ रेषेत सावज मिळतं. सेखों त्या क्षणी थांबले असते तर कुणीही बोट दाखवलं नसतं. ते निघाले. चाकं जमिनीवरून उचलली आणि लगेच दोन सेबरना भिडले. झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर एकटे लढले, आणि शेवटी संख्याबळापुढे पडले.

यात आणखी काय वाढवायचंय आपल्याला? ज्यानं त्यांना पाडलं त्या सलीम बेग मिर्झा या पाकिस्तानी वैमानिकानंही पुढे त्यांच्या उड्डाणकौशल्याला आणि धैर्याला लिहून दाद दिली. शत्रूला जे जसं दिसलं तसं मान्य करता आलं, आपल्याला का नाही? उद्या शाळेतल्या एखाद्या मुलानं तो सहाचा आकडा तपासला आणि खोटा निघाला, तर त्याचा धुळीतल्या त्या उड्डाणावरचाही विश्वास उडेल. याला मी श्रद्धांजली मानत नाही.

त्यांच्या लग्नाला जेमतेम काही महिने झाले होते. विमानाचे अवशेष दरीत मिळाले, पार्थिव मिळालंच नाही. 16 तारखेला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या आणि विजय दिवसाच्या जल्लोषात आधीचे दोन दिवस मागे पडले, ते आजही पडतात.

यंदा ग्रुपवर काही टाकणार असाल तर ते मानपत्रच टाका. मराठीत करून, आहे तसं, एक शब्दही न वाढवता.