वाड्याच्या सामाईक भिंतीला सिमेंटचा रेनकोट नको

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज हटकून फिरायला लागतो. जुन्या वाड्याची लाकडी सांगाड्याची भिंत ओलीपासून कशी वाचवायची, याचे त्यात पाच सल्ले आहेत. सागवान कुजत नाही, लाकडाची काळजी सोडा. जुना चुना खरवडून सिमेंटचा गिलावा करा. त्यावर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्या. खांबाच्या पायाशी काँक्रीट ओता. आणि शेजारचा वाडा पाडला असेल, तर उघडी पडलेली भिंत प्लास्टिकने घट्ट गुंडाळा. यंदा आमच्या गल्लीतल्या चौघांनी तो मला पाठवला, त्यातल्या दोघांनी तर गवंडीही ठरवलाय. म्हणून हा खटाटोप.

सागवानाचं आधी. गाभ्याचं लाकूड टिकाऊ असतं, वादच नाही. पण सालीलगतचं पांढरट लाकूडही सागवानच, आणि ते कुजतं, वाळवीही खाते. शिवाय वाड्यातलं सगळंच लाकूड सागवानी असतं असं कुणी सांगितलं? दर्शनी खांब सागाचे आणि भिंतीत गाडलेले भलत्याच लाकडाचे, हा प्रकार काही नवा नाही. लाकडात ओलीचं प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर कुजवणारी बुरशी धरत नाही. ते महिनोन्महिने २८-३० टक्क्यांच्या वर राहिलं की तिची चैन. म्हणजे लाकूड भिजतं का, यापेक्षा भिजल्यावर वाळतं का, हा खरा प्रश्न आहे.

इथेच सिमेंटचा गिलावा घात करतो. पेठांतल्या वाड्यांत भार पेलतात ते खांब आणि तुळया. मधला विटा-मातीचा भराव म्हणजे नुसता आडोसा. दोन वाड्यांमधल्या सामाईक भिंतीत तर खांब दोन्हीकडून भरावात बुडालेला, ना या घराला दिसत ना त्या. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि ऊन-वारा मिळाला की सोडतो. सांगाडा ऋतूप्रमाणे फुगतो-आकसतो, तेही तो बऱ्यापैकी सोसतो. सिमेंट ताठ. लाकूड हललं की त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी आत सहज शिरतं, पण अख्ख्या भिंतीतली वाफ तेवढ्याच फटीतून बाहेर कशी पडणार? आत ओल कोंडते, बाहेरून भिंत ठणठणीत दिसते.

भिंतीतली माती ओलीपासून जपायला हवी, ही मेसेजमागची काळजी मात्र बरोबर आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठची मातीच्या भिंतींची किती घरं बसली, हे पुण्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. पण सिमेंटच्या कवचामागे भिजलेली माती खाली बसते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. चुन्याचे पोपडे निघतात, लोणा (पांढरा क्षार) धरतो, म्हणजे निदान भिंत बोलते तरी. आपण आधी तिचं तोंडच बंद करतो. वॉटरप्रूफ रंगालाही हेच लागू, त्यावर वेगळा परिच्छेद नको.

आता खांबाचा पाय. जुन्या सुतारांनी खांब कधी मातीत रोवला नाही. खाली दगडी तळखडा, म्हणजे बैठकीचा दगड, ठेवला. कारण लाकूड आडवं जेवढं पाणी पितं, त्याच्या कितीतरी पट उभ्या धाग्यांच्या टोकातून ओढतं, आणि खांबाचं ते टोक बरोबर खाली असतं. तळखड्याभोवती काँक्रीट ओतलंत की खांब वाटीत उभा. आमच्याच घरी हे झालं. फरशी उंचावताना तळखडा आत गाडला गेला आणि भोवती छान गुळगुळीत सिमेंट केलं. काही पावसाळ्यांनी ते फोडलं, तर खालचा वीतभर खांब बोटाने चुरता येत होता. वरचा भाग ठोकला की अजून खणखणीत वाजायचा! खालचा भाग कापून नवा तुकडा सांधायला सुताराने जे घेतलं, त्यात चांगला तळखडा चारदा उघडा करून झाला असता.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक, कारण हल्ली दर दोन-तीन घरांआड एक वाडा पाडला जातो. सामाईक भिंत पिढ्यान् पिढ्या दोन घरांच्या मधे, कोरडी. ती पाऊस झेलायला बांधलेलीच नव्हती. एका रात्रीत ती बाहेरची भिंत होते. इंग्लंडच्या १९९६ च्या सामाईक भिंत कायद्यात यासाठी कलमच आहे: झाकलेली सामाईक भिंत उघडी पाडायची, तर पावसापाण्यापासून तिचं पुरेसं संरक्षण करायचं. आपल्याकडे हे शेजाऱ्याशी आणि बिल्डरशी बोलून, शक्यतो लेखी ठरवून घ्यावं लागतं, तेही पाडकाम सुरू होण्याआधी.

झाकायचं जरूर, पण गुंडाळायचं नाही. घट्ट प्लास्टिकमागे ओल आहे तिथेच राहते आणि वाळवीला आयता पडदा मिळतो. आधी भिंतीचा माथा पत्र्याने झाका, दोन्ही बाजूंना चांगला पुढे काढून. सगळ्यात जास्त पाणी तिथूनच उतरतं. शेजारच्या तुळया उपसल्यावर राहिलेली भोकं विटा आणि चुन्याने बुजवा, ती खिडक्यांसारखी पाऊस आत घेतात. मग उभ्या लाकडी रिपांवर (पट्ट्यांवर) पत्रे ठोका, भिंतीपासून चार बोटं सुटे, वर-खाली वारा खेळेल असे. बुडाशी टेकवलेला राडारोडा हलवा आणि जमिनीचा उतार भिंतीपासून दूर काढा. चुन्याचा नवा गिलावा ऐन पावसात करू नका. त्याला सावकाश वाळायला वेळ लागतो. दिवाळीनंतर करा, तोवर पत्र्यावर भागतं.

आणि मेसेजमध्ये ज्याचा शब्दही नाही, ती मोरी. भाडेकरू वाढले तशा मोऱ्या आणि संडास सामाईक भिंतीला लागून चढत गेले, नळ भिंतीतच गाडले. चैत्रात भिंत ओली असेल तर तो काही पाऊस नव्हे. घरातले सगळे नळ बंद करून रात्री पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर आधी प्लंबर बोलवा. हलला नसेल तर मोरीचा सांडपाण्याचा पाइप तपासा, आणि शेजारच्यांनाही त्यांचा तपासायला सांगा. भिंत त्यांचीही आहे.